फॅमिली फ्रेंड म्हणजे कोण

बाबा गेल्यावर काही वर्षांनी आईच्या आयुष्यात एक गृहस्थ आले. निवृत्त वायरमन. आता ते आमच्या नवघरच्या घरातच राहतात. मी बाबांच्या युनियनची पत्रकं वाचत वाढले. आईच्या या नात्यात लपवण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. नातेवाइकांना बरोबर कळतं. त्यांनी त्यासाठी इंग्रजी नाव शोधून ठेवलंय: फॅमिली फ्रेंड.

बहिणीच्या साखरपुड्याआधी मी यावरून आईशी भांडले. फॅमिली फ्रेंड म्हणजे सगळ्या घराचा मित्र. आपल्यातलं कोण बोलतं त्यांच्याशी? आई म्हणाली, हे लग्न मोडलं तर तुझी पत्रकं दुसरं जुळवणार आहेत का? मी गप्प राहायचं कबूल केलं.

जेसल पार्कच्या हॉलमध्ये अंगठ्या घालून झाल्या. मग व्याहीभेट. बाबांच्या जागी रत्नागिरीहून आलेले मोठे काका उभे राहिले. आईचे ते मागे, कूलरपाशी, नारळांची पिशवी धरून. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "सकाळपासून राबतायत, हे कोण?"

"फॅमिली फ्रेंड," मोठे काका म्हणाले. "वायरिंगबियरिंग बघतात."

दोघंचौघं हसले. कूलरपाशी मान खाली गेली. आईने ते पाहिलं.

"भाऊजी, असं म्हणू नका." ती म्हणाली. "फॅमिलीतलं कुणी ह्यांना चहासुद्धा विचारत नाही. हे माझे आहेत. आम्ही एकत्र राहतो."

मुलाच्या आईने नवऱ्याची बाही धरली. बहिणीने दुसऱ्या हाताने अंगठी झाकली. मला हवं तेच आई बोलली होती, आणि मीच दोन पावलं मागे सरकले.

मुलाचे वडील मानाची टोपी हातात फिरवत राहिले. "हे आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

शेवटी मुलगाच बोलला. "हिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, पप्पा. मीच तुम्हाला बोललो नाही."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बायकोच्या हातातून बाही सोडवली आणि कूलरकडे वळून म्हणाले, "या पुढे."

आईने जाऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

मोठे काका न जेवताच निघून गेले. मुलाची आई पंगतीत आमच्याशी एक शब्द बोलली नाही. लग्न ठरल्या तारखेला होणार आहे.