फुकटची शाबासकी

आमच्या दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या घरात माणसं पाच आणि त्यांत व्यसनी चार. मग किस्से साठणार नाहीत तर काय! खाली बागेत बाकावर जाऊन बसले की बायका म्हणतात, "आजी, कालचा सांगा." मी म्हणते, "कालचा जुना झाला, आज सकाळचा घ्या!"

मोजूनच घ्या. माझा लेक नितीन, त्याला सिगारेट. विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, पुण्याच्या रिटायर्ड शिक्षिका, त्यांना चहा. नात ईरा, तिला मोबाइल. आणि मला मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटानं दातांना लावायची. लग्नाआधीपासून लावते. उरली सून मनीषा. ती अबुधाबीला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, रोज गाडीनं जाऊन येते. तिला एकच व्यसन, आम्हाला सुधारायचं!

*

मागच्या वर्षी नितीनच्या छातीत स्टेंट बसला. चव्वेचाळीसाव्या वर्षी! डॉक्टर म्हणाले, "सिगारेट खलास कर, नाहीतर तू खलास." यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हटलं, "वा रे! ओढणार तू आणि डोकं माझं?"

तेव्हा मनीषानं मला समजावून सांगितलं, "आई, मेंदूत शाबासकी देणारी एक जागा असते. पोटभर जेवलो, काम नीट झालं, की ती शाबासकी देते. तंबाखू त्या जागेला फसवते. काही न करता शाबासकी! मग मेंदूला त्याचीच चटक लागते."

"म्हणजे लाच गं! आणि एकदा लाच खाल्लेला साहेब नुसत्या पगारावर काम करतो होय?"

मनीषा म्हणाली, "आई, हेच शिकायला आम्हाला चार लेक्चरं लागली!" मग हळूच म्हणाली, "आणि थोडं रक्तातूनही येतं."

विहीणबाईंनी लगेच माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चहाच्या कपाकडे पाहिलं!

*

विहीणबाईंचं म्हणणं, "मला व्यसन नाही हो, मला फक्त चहा लागतो." लेकीनं पैज लावली, एक दिवस घेऊ नकोस.

अकरा वाजता बाईंनी डोक्याला फडकं बांधलं. एक वाजता वरणात मीठ जास्त, दोनला दुबईत ऊन जास्त. तीनला म्हणाल्या, "नितीनराव, माझं पुण्याचं तिकीट काढा. या घरात माझा मान राहिला नाही."

चारला मी गुपचूप आलं घालून कप पुढे ठेवला. सव्वाचारला नितीननं त्यांना विचारलं, "आई, सकाळच्या फ्लाइटचं बघू का?"

"कसली फ्लाइट?"

*

शपथेनंतर नितीन फार कामसू झाला. रोज संध्याकाळी कचरा टाकायला खाली पार्किंगमध्ये. मनीषा बाकावरच्या बायकांनाही कौतुकानं सांगायची.

एकदा मी दारात उभी होते. शेजारच्या फिलिपिनो बाईनं लिफ्टजवळची भिंतीतली झडप उघडली, पिशवी आत ढकलली आणि गेली घरी. नितीन वर आल्यावर मी विचारलं, "अरे, कचऱ्याचं तोंड आपल्याच मजल्यावर असताना तू चौदा मजले कशाला उतरतोस?"

"तेवढंच चालणं होतं, आई."

"लिफ्टनं?"

पण सुनेला बोलले नाही. मिश्रीवालीनं सिगारेटवाल्याची चहाडी कोणत्या तोंडानं करावी!

*

मग माझा मिश्रीचा डबा संपला. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मला विहीणबाईंचा आवाजसुद्धा सहन होईना. एरवी होतो असं नाही, पण त्या दिवशी फारच! चपलांच्या कपाटात नितीनच्या जुन्या बुटात पाकीट सापडलं. चार सिगारेटी फोडल्या, तवा तापवला.

छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलला म्हणता! अख्खा टॉवर जिन्यानं खाली. वॉचमन ओरडतोय, "यल्ला, यल्ला!", म्हणजे चला, चला, आणि मी चौदा मजले उतरले, हातात तवा!

तेवढ्यात मनीषाची गाडी आली. तिनं वास घेतला. "आई, तंबाखू कुठून आणलीत?"

मी नितीनकडे पाहिलं. नितीननं आभाळाकडे पाहिलं.

विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, एकाच तव्यावर दोघं भाजले!"

सगळे हसले, मनीषा हसली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "नितीन, ईरा आठवीत आहे रे." रात्री तो जेवला नाही. सकाळी उठून त्यानं स्वतःच सिगारेट सोडवणाऱ्या डॉक्टरची वेळ घेतली. मीही मिश्री सोडते म्हणाले. त्या वेळी म्हणायलाच हवं होतं!

*

पहिले आठ दिवस नितीनच्या दंडावर औषधाची पट्टी आणि कपाळावर आठी. एकदा टोस्टरशी भांडला. ईरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅडी, इट्स जस्ट विथड्रॉवल."

मी तिचा मोबाइल उचलून पदराखाली ठेवला. दहा मिनिटांत पोरगी रडकुंडीला! "आजी, माइन इज डिफरंट!"

"हबीबी, सगळे असंच म्हणतात!"

*

दीड महिन्यानं तपासणी होती. आम्ही तिघं गेलो, नितीन, मनीषा आणि मी. केरळचा डॉक्टर, हसरा माणूस. त्यानं नळी लावलेलं एक लहान मशीन काढलं. "इसमें फूँको. सिगरेट पी होगी तो ये धुआँ पकड़ लेगा."

मनीषानं पर्स घट्ट धरली. नितीननं डोळे मिटून फुंकलं. आणि हिरवा दिवा लागला! मनीषा कितीतरी वेळ पर्समध्ये रुमाल शोधत बसली. रुमाल तिच्या हातातच होता.

डॉक्टर खुशीत आला. "माताजी, आप भी!"

आता गेल्याच आठवड्यात माझा डबा गावाकडून भरून आला होता आणि तो विषय घरात निघालेला नव्हता. पण नाही कसं म्हणणार? फुंकलं. हिरवा! नितीनपेक्षाही हिरवा! दातांना लावलेल्या मिश्रीला धूर कुठला!

डॉक्टरनं टाळी वाजवली. "देखो नितीन, इस उमर में! कुछ सीखो अपनी माँ से!"

मी सकाळचं काळं बोट पदरात घेतलं. पण नितीननं ते पाहिलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाब, जो भी सीखा है, इन्हीं से तो सीखा है!"