कपाटातलं पिल्लू

शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवणं-उतरवणं हे तिचं काम. मुलं तिला बसताई म्हणायची, मग त्यांच्या आया म्हणू लागल्या आणि शेवटी शेजारीपाजारीही. सगळी मुलं उतरली, ड्रायव्हर चावी काढून मोकळा झाला, तरी बसताई मागच्या सीटपर्यंत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून बघायची. एखादं पेंगुळलेलं पोर राहिलं तर? आजवर एकही राहिलं नव्हतं; पण मन चिंती ते वैरी न चिंती. ड्रायव्हर म्हणायचा, "बसताई, तुमच्या धाकानं सीटखाली धूळसुद्धा बसत नाही."

अशा बाईच्या हातात सूनबाईने आपली कादंबरी ठेवली.

लग्न होऊन आली तेव्हाही तिने एकदा स्वतः लिहिलेली गोष्ट सासूला दाखवली होती. वाचून बसताई म्हणाली होती, "बरी आहे." मनापासून म्हणाली हो! तिच्या लेखी बरी म्हणजे चांगलीच. पण ती गोष्ट जी कपाटात गेली ती गेलीच, आणि पुढे पुस्तकांचा विषय निघाला की सूनबाई भांडी आवरायला उठायची. आता इतक्या वर्षांनी तिने कागदांचा जाड गठ्ठा आणून दिला. "सोमवारी प्रकाशकांकडे द्यायचंय, आई. त्याआधी तुम्ही वाचा आणि काय वाटतं ते सांगा." बसताईला आनंद झाला आणि त्याहून जास्त धास्ती वाटली. या वेळी चुकीचा शब्द गेला तर ही पोर पुन्हा कधी काही दाखवायची नाही.

कादंबरी होती एका चेटकिणीची. खाष्ट नव्हे, गोड चेटकीण. छोट्याशा गावात दिव्यांचं दुकान चालवणारी. नगराध्यक्षांची सावली चोरीला जाते आणि ही बया एका अबोल कुलूपवाल्याला बरोबर घेऊन चोर शोधायला निघते. शोधता शोधता त्याच्या प्रेमात पडते. रक्त नाही, मारामारी नाही. पांघरूण घेऊन निवांत वाचावं असं पुस्तक. पण दुसऱ्याच प्रकरणात पहारेकरी दार ठोठावतात, तेव्हा चेटकीण आपलं ड्रॅगनचं पिल्लू कपाटात ठेवते, "गप्प बस हं, मी आलेच" म्हणते आणि बाहेरून कडी लावते.

ती येतच नाही.

बसताईचा जीव टांगणीला लागला. नदीकाठी कुलूपवाल्याने चेटकिणीचा हात हातात घेतला, तिथे दुसरं कुणी विरघळलं असतं. बसताई मोठ्याने म्हणाली, "अगं बये, हात काय धरून बसलीस? घरी जा की!" पुढे चोर सापडला. तिचा पहिल्यापासून कुलूपवाल्यावर संशय होता. निघाली पाववाली बाई. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. शेवटी लग्नाला सगळं गाव जमलं, तेव्हा तिने पाहुण्यांमधून बोट फिरवत प्रत्येकाला शोधून बघितलं. पिल्लू नव्हतं.

आता हे सांगावं कसं? सांगितलं तर 'सासू खुसपट काढते' असं होणार, आणि न सांगावं तर ते पिल्लू अंधारात बसलेलं. इकडे आड तिकडे विहीर. दोन दिवस ती सूनबाईची नजर चुकवत राहिली. आणि सूनबाईने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

रविवारी संध्याकाळी ती गठ्ठा बांधायला दोरी घेऊन आली. "नाही आवडली ना, आई? असू दे." चेहरा अगदी त्या 'बरी आहे'च्या वेळेसारखा. तिच्या पाठीमागून बसताईचा मुलगा हातवारे करत होता, छान म्हण, छान म्हण!

'छान आहे' बसताईच्या ओठांवर आलंसुद्धा. बाहेर मात्र पडलं ते वेगळंच. "अगं, ते पिल्लू अजून कपाटातच आहे."

"कुठलं पिल्लू?"

"कडी लावलीस तू. कुणी काढलंच नाही त्याला. 'मी आलेच' म्हणाली ना ती, म्हणून ते वाट बघत बसलं असेल." तिने गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "बाकी त्या चोराबिराचं मला काही कळलं नाही. लक्षच लागेना माझं."

सूनबाईने भराभरा पानं उलटली. मग गठ्ठा उचलला आणि खोलीत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"काय गरज होती, आई?" मुलगा कळवळून म्हणाला.

बसताई कपड्यांच्या घड्या घालत बसली. एकाच टॉवेलची घडी मोडायची आणि पुन्हा घालायची. झालं, मिटलं सगळं, आपल्याच तोंडाने आपण मिटवलं, असं तिला वाटत होतं. रडू येत होतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"काढलं," सूनबाई म्हणाली.

"बरं आहे ना?"

"आहे. चिडलंय खूप. चेटकिणीचा पडदा जाळला. आणि लग्नात कुणाचं न ऐकता कुलूपवाल्याच्या मांडीवर जाऊन बसलं."

"काही खायला दिलंस का त्याला?"

सूनबाईने कपाळावर हात मारला आणि ती पुन्हा आत पळाली. बाहेर आली तेव्हा हसत होती, डोळे मात्र ओले होते. तिने गठ्ठा बसताईच्या मांडीवर ठेवला. "आता तुम्हीच शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघून या. तुम्ही बघितल्याशिवाय मी हे कुठे देणार नाही."

बसताईने पदराने चष्मा पुसला आणि पहिलं पान काढलं.

"बघते," ती म्हणाली. "ते दार तेवढं उघडंच राहू दे."