छोटी तबकडी

माझ्या हॉटेलात रोज चहाला येणारा तो चादरीच्या कारखान्यातला विणकर. गाणी स्वतःच रचायचा, मागाच्या ठेक्यात टेबलावर बोटं वाजवत गुणगुणायचा. पुण्याला जाऊन त्यानं दोन गाण्यांची छोटी तबकडी काढली आणि पहिली माझ्याकडं आणली. "मालक, लावा की."

मी ती ग्रामोफोनवर चुकून जुन्या मोठ्या तबकड्यांच्या जास्त वेगावर लावली. त्याचा घोगरा आवाज चिमणीसारखा चिवचिवला. सगळं हॉटेल हसलं. चूक मला लगेच कळली होती, पण गिऱ्हाइकं खूश होती, म्हणून गाणं तसंच संपू दिलं.

"तुमचं मशीन लई पळतंय की," एवढंच म्हणून त्यानं तबकडी उचलली.

तो अजून रोज येतो, पण आता हात मांडीवर ठेवून बसतो. कप ठेवताना मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही.