पहिल्यापासून सांगा

माझे मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात. पण गिऱ्हाईकाची सगळी हकीकत ऐकल्याशिवाय ते स्क्रू ड्रायव्हरला हात लावतील तर शपथ! नुसतं "धागा तुटतो" म्हणून भागत नाही. "काय शिवत होतात? मशीनवर आणखी कोण बसतं? पहिल्यापासून सांगा." एका बाईंचं मशीन तर न उघडताच बरं झालं. बोलता बोलता कळलं की सुई त्यांच्या नवऱ्याने बसवली होती, चष्मा न लावता, उलटी.

मामी वैतागते. "यांना मशीन नको, स्टोरी हवी."

परवा शब्दकोशात मला गंमत सापडली. 'स्टोरी' या इंग्रजी शब्दाचं मूळ एका जुन्या ग्रीक शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ होता विचारपूस करून जाणून घेणं. गोष्ट सांगणं नंतर आलं, आधी विचारणं. मी दुकानात जाऊन हे वाचून दाखवलं, तेव्हा मामांची छाती फुगली. "बघ! मी काय उगाच चौकशा करतो?"

नेमकी मामी डबा घेऊन आली होती. तो टेबलावर आपटत ती म्हणाली, "जगाची चौकशी करता. पस्तीस वर्षांत मला कधी विचारलंत, दिवस कसा गेला म्हणून?"

मामांनी उघडलेलं मशीन बाजूला सारलं, गिऱ्हाईकांचं स्टूल फडक्याने पुसून तिच्यापुढे ठेवलं.

"बस. पहिल्यापासून सांग."

डबा गार झाला, तरी मामी अजून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षात होती.