इशारा वाचला होता, दिला नव्हता

पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि माझं पुढचं पोस्टिंग आयर्लंडमधल्या ॲथलोनला झालं, असं मी इथल्या मराठी मंडळींना गमतीनं सांगतो. मुलगी वैदेही इथे टेलिकॉममध्ये इंजिनिअर आहे. सकाळी मी शॅनन नदीच्या काठानं चालतो, पाऊस असला तरी. दुपारी नात इरा शाळेतून आली की तिला खायला देतो. ड्यूटी हलकी आहे.

इरा तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर आयरिश इंग्रजीत येतं. गेल्या हिवाळ्यात तिच्या इतिहासाच्या वर्गात लुटुपुटीचा खटला चालणार होता. आरोपी होते ॲझ्टेक आणि इन्का राज्यं जिंकणारे स्पॅनिश, आणि इरा त्यांची वकील. तिनं मला मुद्दा ऐकवला. स्पॅनिश फौजा हल्ल्याआधी एक जाहीरनामा वाचायच्या. देवानं जग निर्माण केलं, त्यावर पोपला नेमलं, पोपनं हा मुलूख आमच्या राजाला दिला. हे मान्य करा. नाहीतर शस्त्रं घेऊन आत शिरू, बायकामुलांसकट गुलाम करू, आणि जे मरतील त्यांचा दोष तुमच्याच माथी.

"कुठल्या भाषेत वाचायचे?" मी विचारलं.

"स्पॅनिश. कधी कधी तर लांब जहाजावरूनच. बट दे रेड इट, आजोबा. सो इट वॉज लीगल, लाईक."

मी कप खाली ठेवला. "असा जाहीरनामा मी ऐकलाय," म्हटलं. "बस."

शांतिसेनेत आमची पलटण आफ्रिकेत होती. देशाचं नाव लिहीत नाही. काम ठरलेलं: सकाळी गस्त, दुपारी गाड्यांची देखभाल, संध्याकाळी रिपोर्ट. माझ्या प्लाटूनमध्ये नाईक सर्जेराव पाटोळे होता, गडहिंग्लजकडचा. आमची दुभाषी मरियम ही तिथलीच एक शिक्षिका.

त्या दिवशी आम्ही नदीकाठच्या गुराख्यांच्या वस्तीवर पोहोचलो तेव्हा तिथे एका सशस्त्र गटाच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. त्यांचा म्होरक्या स्वतःला कॅप्टन म्हणवत होता. हातात कागद, तोंडाशी भोंगा. राजधानीच्या भाषेत त्यानं वाचलं: ही जमीन सरकारजमा झाली आहे, तासाभरात निघा, राहाल तर शत्रू ठराल, जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. वस्तीतली माणसं त्याच्याकडे नुसती बघत राहिली. एक बाई गाईचं दूध काढत होती, ती काढतच राहिली.

मी मरियमला विचारलं, "यांना कळलं?"

"एक शब्दही नाही."

मी आमच्या दोन गाड्या वस्ती आणि त्यांच्या बंदुका यांच्या मध्ये घातल्या आणि रेडिओ उचलला. कंपनी कमांडर मेजरसाहेब लाईनवर आले.

"साहेब, लोकांना भाषा कळत नाही. हे फायर करणार. ओव्हर."

"तू कुठे आहेस? ओव्हर."

"मध्ये. ओव्हर."

"तिथेच राहा. मी निघालो. आऊट."

कॅप्टन माझ्याजवळ आला. इंग्रजी चांगलं होतं त्याचं. "मी इशारा वाचला. साक्षीदार आहेत. बाजूला व्हा."

"त्यांच्या भाषेत सांगा. त्यांचं उत्तर ऐका. मग बोलू."

मरियमनं मोठ्यानं भाषांतर केलं. दूध काढणारी बाई उठली, हात पुसले आणि म्हणाली, "ही नदी त्याला कोणी दिली? ज्यानं दिली त्याला इथे आण. आम्हाला विचारायचंय."

मरियमनं ते शब्द कॅप्टनला जसेच्या तसे सांगितले. तो हसला नाही. मागे गेला, हात वर करून खाली आणला: फायरचा हुकूम.

सर्जेराव तेव्हा मुलांना झोपड्यांमागे पाठवत होता. पहिली फैर त्याला लागली. आम्ही उत्तर दिलं. मेजरसाहेबांची गाडी दिसेपर्यंत धरून राहिलो, मग ते लोक पळाले. वस्तीतलं कोणी गेलं नाही. सर्जेराव हेलिकॉप्टर येण्याआधी गेला.

चौकशीत त्या सशस्त्र गटानं लिहून दिलं की इशारा देऊनही वस्ती हटली नाही, सबब दोष वस्तीचा. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "इशारा दिला होता ना?"

"नाही सर."

"सुभेदारसाहेब, वाचला होता असं तुम्हीच म्हणता."

"वाचला होता सर. दिला नव्हता."

विचार करून बोला, असं मला दोनदा सुचवण्यात आलं. 'इशारा दिला होता' एवढं एक वाक्य जोडलं तर प्रकरण मिटेल, असंही. मी जोडलं नाही.

हे ऐकून इरानं शिक्षिकेला विचारून मला साक्षीदार म्हणून वर्गात नेलं. बचावाचा साक्षीदार! त्या वस्तीची हकिकत मी वर्गाला सांगितली.

"इशारा वाचला होता का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"हो."

"मग त्यांना कळवलं होतं का?"

"नाही."

"नो फर्दर क्वेश्चन्स," ती म्हणाली आणि खाली बसली. आपलाच खटला तिनं घालवला.

मागच्या बाकावरून एका मुलानं हात वर केला. "पण ॲझ्टेक माणसांचे बळी द्यायचे. ते थांबवायला नको?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "बळी द्यायचे, हे खरं. वाईटच होतं. पण थांबवायला आलेला माणूस देऊळ बंद करतो आणि परत जातो. हे स्पॅनिश तिथेच राहिले. इन्का राजानं पाद्र्याचं पुस्तक जमिनीवर टाकलं, एवढं निमित्त करून त्याची माणसं कापली. मग त्याच्याकडून सुटकेसाठी खोलीभर सोनं घेतलं आणि त्यालाही मारलं. सोनं वितळवून वाटून घेतलं. मी शिपाईगडी आहे. शिपायाला हुकूम लागतो, कारणं लागत नाहीत. जेव्हा कोणी लांबलचक कारणं वाचून दाखवतो, तेव्हा त्याचं आधीच ठरलेलं असतं. तुमच्यासमोर कोणी असं वाचलं तर मध्ये उभे राहा."

शिक्षिकेनं विचारलं, जे गेले त्यांचं नाव काय. मी सांगितलं. इरानं ते फळ्यावर देवनागरीत लिहिलं. रफार चुकला होता, मी दुरुस्त केला नाही.

नाईक सर्जेराव पाटोळे. आवाज बरा नव्हता, तरी गायचा. घरी बायको सुनंदा आणि दोन मुली. त्याच्या पाठीत एकही गोळी नव्हती. मुलांना आडोशाला घालून तो वळला होता. वस्तीकडे पाठ आणि बंदुकांकडे तोंड करून उभा होता.