सासूबाईंच्या खांद्यावरची गाठ

"या खांद्याला हात लावू नको गं, तुला पण व्हायची," लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तेल लावायला गेले, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आहे. तेव्हापासून दर दिवाळीला त्या आपलं तेल आपणच लावून घेतात. माझ्या मुलांनाही त्यांनी कायम डाव्याच खांद्यावर झोपवलं.

मैत्रिणींनो, आज त्यांना पोशीरहून बैलगाडीनं नेरळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गाठ बोटांनी दाबून पाहिली. ती मऊ होती, बोटाखाली सरकत होती.

"आजी, ही चरबीची गाठ. चरबी एकाच जागी जास्त वाढत गेली आणि भोवती पातळ पिशवी झाली. का होते, ते नीट कळलेलं नाही. पण ही कॅन्सरसारखी अंगात पसरत नाही, आणि दुसऱ्याला तर लागतच नाही. झपाट्यानं वाढली किंवा दुखली, तर मात्र या."

"लागत नाय? मग एवढी वर्षं मी पोरांना एकाच खांद्यावर घेतलं, ते फुकटच की रं!" सासूबाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

आता घरी येऊन मी तेलाची वाटी कोमट करून ठेवली आहे. "सवय नाय गं," असंच त्या म्हणणार. तरी विचारते.

आत्याबाई, जरा पाठ माझ्याकडे करता?