त्या दिवशी हुंकार दिला नाही

आमच्याकडे कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्याने मध्येमध्ये "हूं" म्हणायचं असतं. त्याला हुंकार देणं म्हणतात. सातपुड्यातल्या आमच्या पाड्यावर हे कुणाला शिकवावं लागत नाही. शेंगा फोडता फोडता बाप गोष्ट सांगायचा, आणि हुंकार थांबला की तोही थांबायचा. "मी काय भिंतीला सांगू?" म्हणायचा. सगळ्यात भरघोस हुंकार माझ्या थोरल्या भावाचा. बाप वाघाची गोष्ट सांगो की रेशनच्या रांगेची, हा आपला मान डोलावत "हूं, हूं". त्याचा अर्थ एवढाच, की मी ऐकतोय, तू सांग. कबूल आहे, असा त्याचा अर्थ आमच्यात कधीच नव्हता.

या हुंकारानेच भावाला अडकवलं.

ऊसतोड संपवून तो घरी निघाला होता. कोयता गोणपाटात गुंडाळलेला, आणि हा खाली सपाटीवर बसची वाट बघत उभा. सकाळी त्याच रस्त्यावर कुणीतरी बसवर दगड मारले होते. पोलिसांनी कोयतेवाले तेवढे उचलले. अहो, ऊस तोडणाऱ्याच्या हातात कोयता नाही तर काय फुलांचा हार असणार? जबाब मराठीत लिहिला, मराठीतच वाचून दाखवला. भावाला मराठी बाजारापुरती येते. पण समोर मोठा माणूस बोलतोय म्हटल्यावर गप्प कसं राहायचं? दगड मारले, हूं. काच फोडली, हूं. शेवटी अंगठा. भेटायला गेले तेव्हा त्यानेच हे सांगितलं आणि वर मलाच विचारलं, "मी सगळं नीट ऐकून घेतलं, तरी सोडत का नाहीत?" कपाळावर हात मारायचा की रडायचं, तेच मला कळेना.

वकिलांनी स्पष्ट सांगितलं. तारखेला न्यायाधीश आरोप वाचून दाखवतील आणि कबूल आहे का विचारतील. तिथेही "हूं" केलं तर संपलं सगळं.

तेव्हाच निवडणूक लागली. मी धडगावात शिलाईचं काम करते. बारावी झालेय, पावरी माझ्या घरची बोली, आणि मराठी फडाफडा बोलते. म्हणून एका उमेदवाराने डोंगरातल्या सभांसाठी मला दुभाषी घेतलं. उमेदवारसाहेब दोन वाक्यं मराठीत बोलणार, थांबणार, मी पावरीत सांगणार. त्यांचा कार्यकर्ता शहाद्याकडचा. भावाची हकीकत त्याला ठाऊक होती. जीपमध्ये बसताना म्हणाला, "तू फक्त झकास बोल, ताई. साहेबनी एक फोन करा का तुन्हा भाऊ घर उना समज." खोटं कशाला बोलू, त्या फोनसाठीच मी जीपमध्ये चढले.

पहिली सभा शहाद्याला होती. तिथे माझं काम नव्हतं, म्हणून मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. साहेब गरजत होते: कोयता दिसला की आधी आत टाका, चौकशी मागून. जामीन, वकील, हक्क, हे लाड आता बंद. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण मी गिळलं. भावासाठी गिळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या डोंगरात सभा. पुढे माझ्याच पाड्याची माणसं, दुसऱ्या रांगेत बाप. साहेबांचा आवाज एकदम मऊ झालेला. "तुमच्या हक्कांसाठी मी जीव देईन. निरपराध माणूस एक दिवसही तुरुंगात राहणार नाही." मी पावरीत सांगितलं. सगळ्या मैदानातून आलं, "हूं." साहेब खुलले. कार्यकर्त्याकडे बघून त्यांनी मान हलवली, जशी काही सगळी मतं आताच पेटीत पडली. पुढचं वाक्य, पुन्हा "हूं". बापही देत होता.

तेव्हा माझं डोकं फिरलं. पोलिसांनी हेच केलं होतं ना? आमचं ऐकणं त्यांनी कबुलीच्या खात्यात टाकलं होतं. आणि आता मीच माईक धरून तेच करवून घेत होते!

पुढचं वाक्य मी सांगितलं, अगदी जसंच्या तसं. मग थांबले नाही. म्हटलं, "हे आजचं झालं. काल शहाद्यात हेच साहेब काय बोलले तेही ऐका." आणि कोयत्यापासून लाडांपर्यंत सगळं पावरीत सांगितलं. शेवटी म्हटलं, "ज्याला पटलं असेल त्यानेच हुंकार द्यावा."

मैदान चिडीचूप. साहेबांनी पुढचं वाक्य टाकलं आणि वाट बघितली. मी सांगितलं. काही नाही. आणखी एक वाक्य. काही नाही. बाप मान वर करून थेट त्यांच्याकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून. साहेबांना घाम फुटला. कार्यकर्ता माझ्या कानाशी आला, "बठ्ठा चूप का शेतस? काय सांगं तू?"

"साहेब कालचं जे बोलले, तेच सांगितलं," मी मराठीत आणि माईकवरच म्हणाले. "लोक ऐकतायत. त्यांना मान्य नाही, एवढंच."

मला परत जीपमध्ये घेतलं नाही. घाट उतरून चालत आले. फोन गेला, भावाची सुटका गेली, हे कळत होतं. रस्ताभर रडले. पण पुन्हा माईक हातात आला तरी तेच बोलेन.

तारखेच्या आधी भावाला भेटून सांगितलं, तिथे हुंकार द्यायचा नाही. तो दुखावलाच. "मोठा माणूस बोलणार आणि मी भिंतीसारखा उभा राहू?" मी म्हटलं, "बापही राहिला."

न्यायाधीश वाचत होते तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. भावाचे ओठ हलायला लागले. त्याने तळहात तोंडावर दाबून धरला, शेवटपर्यंत. "समजलं का?" त्यांनी विचारलं. हात काढून भाऊ बाजाराच्या मराठीत म्हणाला, "नाही. माझ्या भाषेत सांगा."

न्यायाधीशांनी कागद खाली ठेवला आणि दुभाषी आणायचा हुकूम देऊन पुढची तारीख दिली. भाऊ अजून आतच आहे. पोलीस त्याला नेत होते तेव्हा मी भर व्हरांड्यात पावरीत ओरडले, "आम्ही सोडणार नाही, ऐकतोस ना?"

त्याने वळून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हूं."